मेणवलीचा घाट रंगवायला जाताना

मेणवलीच्या घाटावर सकाळी साडेदहाला पोचलं की अर्धं चित्र हातातून गेलेलंच असतं. घाट काळ्या दगडाचा, पायऱ्या एकसारख्या, देवळांचा रंगही त्याच घरातला. पायरीचा आडवा माथा आणि उभा भाग डोळ्यांना वेगळे दिसतात ते फक्त उजेड आणि सावलीमुळे. हा फरक सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर ठळक असतो. म्हणून पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर अख्ख्या दिवसाचं गणित सावलीवर मांडायचं. जेवण, वाडा बघणं, फोटो हे सगळं मधल्या रिकाम्या वेळात बसवायचं.

जागा थोडी समजून घेऊ. कृष्णा महाबळेश्वराकडून पूर्वेला वाहत वाईत येते आणि वाईच्या तीनेक किलोमीटर अलीकडे मेणवली लागते. १७६८ मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं. त्यांनी इथे वाडा बांधला आणि वाड्यामागे नदीवर कमानदार, म्हणजे धनुष्यासारखा वळलेला घाट बांधला. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत. शेजारच्या छोट्या बांधकामात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. वाड्यात पेशवेकालीन भित्तिचित्रं आहेत. पुण्या-मुंबईचे जलरंगवाले इथे वर्षानुवर्षं बोर्ड घेऊन येतात, कारण पाणी, दगड, झाड, देऊळ आणि माणसांची ये-जा हे सगळं मान वळवायच्या अंतरात मिळतं. नवख्याचा गोंधळही त्यामुळेच होतो. समोर जे जे आहे ते सगळं कागदावर आणायचा मोह होतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी, ऊन तिरकं आणि सकाळी नदीवर हलकं धुकं असलं तर पलीकडचा काठ आपोआप फिका होतो, खोली आयती मिळते. पाऊस संपल्या संपल्या, ऑक्टोबरात, हिरवा रंग भरपूर असतो, पण खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे स्टूल लावू नका, पाय सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि चढलेलं असतं. तेव्हा वरच्या पायऱ्यांवरून पेनने रेखाटनं करावीत, जलरंगाचा हट्ट धरू नये. दमट हवेत पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, वाळतच नाही. एप्रिल-मेमध्ये उलट होतं: ब्रश कागदावरून उचलायच्या आत कडा वाळतात. जायचंच असेल तर पाण्याच्या मगात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाका, रंग थोडा वेळ ओला राहतो. जास्त टाकलं तर तो चिकट राहतो आणि घरी नेताना कागदाला कागद चिकटतो.

तीन गोष्टी निघण्याआधी तपासा. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड. त्या दिवसांत वाईचे रस्ते भरून वाहतात. हिवाळ्यातच वाईच्या घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. बघायला तो सुंदर, पण त्या घाटावर मांडव पडलेला असतो आणि पायऱ्या दिसत नाहीत. तिसरी गोष्ट चित्रीकरणाची. मेणवलीत सिनेमा-मालिकांची शूटिंग नेहमी चालू असतात. तुम्ही पोचलात आणि घाटावर ट्रॉली लागलेली दिसली तर वाद घालत बसू नका, सरळ वाईचा गणपती घाट गाठा. धोम धरणातून पाणी सोडलं की पातळी आणि पाण्याचा रंग दोन्ही बदलतात, ते मात्र तिथे गेल्यावरच कळतं.

निघणं आणि पोचणं

स्वारगेटहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून गाडीने पहाटे पाचला निघावं. कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूर, शिरवळ, मग खंबाटकी घाट चढून उतरलं की सुरूर फाटा. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वाई. नाश्त्याला महामार्गावर थांबलात की अर्धा-पाऊण तास गेलाच. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोळी-भाजीची गुंडाळी घेतली तर साडेसातच्या आत घाटावर बसता येतं.

एसटीने जायचं तर स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. पहिली गाडी धरा. वाई स्टँडवरून मेणवलीला रिक्षा मिळते. परतीची वेळ तिथल्या तिथे ठरवून रिक्षावाल्याचा नंबर घ्या, कारण दुपारी मेणवलीत रिकामी रिक्षा सापडेलच असं नाही. एसटीने जाणाऱ्याने सामान एका पाठपिशवीत आणि एका हातात मावेल इतकंच ठेवावं.

सामान

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत पोताचा. पूर्ण इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचांची असते, तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चा कागद मिळतो. एका बैठकीला हा आकार पुरेसा. याहून मोठा घेतला तर सावली सरकायच्या आत संपत नाही. २०० जीएसएमचा कागद चालतो, पण चारी बाजूंनी मास्किंग टेप लावून, नाहीतर पहिल्याच ओल्या वॉशला तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. असे चार तुकडे घ्या, दोन चित्रांचे आणि दोन चाचणीचे. बोर्ड हलका, प्लायचा किंवा फोमचा, कागदापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा.

ब्रश पाच पुरतात: राउंड १२, ८ आणि ४ नंबरचे, एक इंची फ्लॅट आणि बारीक रेघांसाठी लांब केसांचा एक रिगर. रंग आठ: अल्ट्रामरीन, कोबाल्ट किंवा सेरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक उजळ पिवळा, क्रिमसन, एक उजळ लाल आणि सॅप ग्रीन. काळा आणि पांढरा घरी ठेवा. ट्यूब रात्रीच पॅलेटमध्ये पिळून ठेवल्या तर सकाळी गार बोटांनी झाकणांशी झटापट करावी लागत नाही. रंगकामासाठी दोन लिटर पाणी बाटलीतून न्या. नदीचं पाणी घेता येतं, पण त्यात गाळ असला तर फिक्या वॉशमध्ये कण दिसतात. दोन मग, एक धुवायला आणि एक स्वच्छ. जुनं सुती फडकं, टिश्यू, २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, फवारणीची लहान बाटली, चार क्लिपा. दगड सकाळी बर्फगार असतो, म्हणून घडीचं स्टूल, किंवा निदान फोमचा तुकडा.

छत्री काळी किंवा पांढरी. रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग उतरतो आणि घरी गेल्यावर अख्खं चित्र विचित्र तांबूस किंवा निळसर निघतं. छत्री नसेल तर झाडाच्या किंवा देवळाच्या सावलीत बसा. उन्हातल्या कागदावर रंग असतो त्यापेक्षा फिका वाटतो, म्हणून आपण तो गडद करत जातो, आणि घरात आणलं की चित्र काळवंडलेलं दिसतं. उन्हात बसून बिघडलेली चित्रं हातातल्या चुकीने बिघडलेल्यांपेक्षा कमी नसतात.

घाटावर पहिली वीस मिनिटं

बोर्ड उघडू नका. घाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, पाण्यापर्यंत उतरा, पुन्हा वर या. सकाळचं ऊन नदीच्या प्रवाहासमोरून, म्हणजे वाईच्या बाजूने येतं. घाट कमानदार असल्यामुळे एका टोकाच्या पायऱ्या उजळतात आणि दुसऱ्या टोकाच्या अजून निळसर अंधारात असतात. जिथे या दोघांची हद्द आहे तो भाग चित्राला घ्या. पोस्टकार्डाला मधोमध चौकट कापून तयार केलेला व्ह्यूफाइंडर इथे फार कामी येतो.

मग तीन छोटी रेखाटनं, प्रत्येकी दोन बाय तीन इंच, चार-चार मिनिटांत. फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. ज्या रेखाटनात गडद भाग एकमेकांना जोडले जाऊन एकच मोठा आकार होतो ते निवडा. गडद भाग सुटे-सुटे विखुरलेले असतील तर ते चित्र मोठ्या कागदावरही विखुरलेलंच राहणार. अख्खा घाट, दोन्ही देवळं, घंटा आणि वाड्याची भिंत एका चित्रात घ्यायची नाही. एक देऊळ, त्याखालच्या पायऱ्या आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब, एवढ्यात सकाळ भरते.

पायऱ्या

खरी परीक्षा इथेच आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

आधी डोळ्यांची पातळी ठरवा. पेन्सिल आडवी, डोळ्यासमोर सरळ धरा. समोरच्या दृश्यात ती जिथे येते तिथे कागदावर फिकी रेघ मारा. या रेघेखाली असलेल्या पायऱ्यांचा माथा दिसतो, म्हणजे आडवा पट्टा आणि त्याखाली उभा पट्टा. रेघेच्या जवळ जावं तसा आडवा पट्टा निमुळता होतो, अगदी डोळ्याच्या पातळीतल्या पायरीचा माथा नुसती रेघ होतो. त्याच्या वरच्या पायऱ्यांचे फक्त उभे भाग दिसतात, माथा दिसूच शकत नाही. पायऱ्या माहीत असतात म्हणून हात तिथेही माथा काढतो, आणि मग घाट पुढे कलंडल्यासारखा दिसतो. मेणवलीची बहुतेक फसलेली चित्रं इथेच फसलेली असतात.

कमानीचंही तसंच. घाटाच्या वळणाची रेघ डोळ्याच्या पातळीखाली एका बाजूला वाकते, पातळीजवळ सपाट होत जाते आणि पातळीच्या वर उलट वाकते. सगळी वळणं एकाच मापाची काढली तर घाट सपाट भिंतीवर रंगवलेल्या पट्ट्यांसारखा होतो. एक वळण खाली, एक वर आणि मधली सरळ रेघ, एवढं नीट आलं की बाकीच्या पायऱ्या त्यांच्या मध्ये बसतात.

पायऱ्या मोजू नका. जवळच्या तीन-चार पूर्ण काढा, दगडांच्या जोडांसकट, एखादा तुटका कोपरा दाखवून. त्यामागच्या फक्त सावलीच्या तुटक रेघांनी सुचवा. उजेडात सलग रेघ मारली की उजेड मरतो.

रेखांकन होताच सावलीची कड पेन्सिलने बांधून घ्या. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, तुमचं चित्र संपेपर्यंत सावली एक-दोन पायऱ्या सरकलेली असते. एकदा बांधलेली कड बदलायची नाही. निम्मी सावली आठ वाजताची आणि निम्मी साडेनऊची झाली, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

रंग लावताना

रेखांकन पंधरा-वीस मिनिटांत आटपा. पहिला वॉश आकाशापासून सुरू करून देऊळ, पायऱ्या आणि पाण्यापर्यंत एकसलग खाली आणा. आकाशाला फिका कोबाल्ट, उन्हातल्या दगडाला अगदी पातळ यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, पाण्याला आकाशापेक्षा किंचित गडद. घाटावर बसलेली किंवा पाण्यात उभी माणसं, वाळत घातलेली लाल-पिवळी लुगडी, देवळाची उन्हाची कड एवढ्या जागा कोऱ्या सोडा.

आता थांबा. हिवाळ्यात नदीकाठी सकाळी पहिला वॉश वाळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हाताच्या मागच्या बाजूने कागदाला हलकेच स्पर्श करा. गार लागला तर आत ओल आहे. अर्धवट ओल्या कागदावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की रंग मागे ढकलला जाऊन दातेरी डाग पडतात. घाई असेल तर बोर्ड पाच मिनिटं उन्हाकडे तिरका करून ठेवा.

दुसऱ्या फेरीत सावली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करा, त्यात क्रिमसनचा स्पर्श द्या. दोन मिनिटांत पूर्ण सावली भरेल इतका रंग आधीच कालवून ठेवा. मध्येच कमी पडला तर दुसरं मिश्रण पहिल्याशी जुळत नाही. वरच्या भागात निळसर आणि खाली पायरीच्या माथ्याजवळ जरा उबदार करा, कारण उन्हातल्या माथ्यावरून उजेड सावलीत परततो. ब्रश एकदा फिरवला की पुन्हा त्यावर जाऊ नका. सावलीतल्या दगडाचा ताजेपणा त्या एका हातात असतो. तीन वेळा घोटला की चिखल होतो.

पाण्यालगतच्या ओल्या पायऱ्या कोरड्यांपेक्षा बऱ्याच गडद असतात. हा पट्टा धिटाईने द्या, त्यानेच पाणी पाण्यासारखं वाटतं. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभं पडतं, तिरकं कधीच नाही. मात्र देऊळ पायऱ्यांच्या मागे असेल, तर पायऱ्यांचं प्रतिबिंब पुढे येऊन देवळाच्या प्रतिबिंबाचा खालचा भाग झाकतं. देवळाची अख्खी उंची पाण्यात उतरवायची नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित फिकं, उजळ वस्तूचं किंचित गडद. साडेनऊ-दहानंतर वारा सुटला की पाणी मोडतं, म्हणून प्रतिबिंब आधी आणि झाडाची पानं शेवटी. जलपर्णी आली असेल तर प्रतिबिंब विसरा आणि तिचा सपाट हिरवा पट्टा घ्या.

झाडांना नुसता सॅप ग्रीन लावला की तो ओरडतो. त्यात बर्न्ट सिएना घाला, किंवा यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनपासूनच हिरवा करा. पानांच्या मध्ये आकाशाची भोकं ठेवा, कडेला थोडी जास्त आणि आत कमी. शेवटी सर्वांत गडद जागा: देवळाचं दार, कमानीच्या आतला अंधार, माणसांच्या पायाखालची सावली. अशा पाच-सहा जागा पुरतात. साडेनवाला ब्रश खाली ठेवा.

चित्राच्या मागे तारीख, वेळ, वारा आणि ढग लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये स्टूर नदीकाठचं आपलंच गाव आयुष्यभर रंगवणारा जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास करत होता, तेव्हा तो मागे हेच टिपून ठेवायचा. पुढच्या खेपेला त्याच जागी वेळ साधायला या नोंदींसारखी मदत नाही.

तैलरंग किंवा अॅक्रिलिकवाल्यांना क्रम उलटा, आधी गडद. अॅक्रिलिकला उन्हात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य लागतं. ओला तैलरंग नेण्यासाठी दोन पॅनलच्या मध्ये कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून रबरबँड लावा.

मधला वेळ

दहा ते साडेतीन वाडा. तो खासगी मालमत्ता आहे. आत बसून काम करायचं असेल तर आधी विचारा, भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नका आणि भिंतीला बोर्ड टेकवू नका. चौकात वरून पडणारा उजेड दुपारीही चांगला असतो, तिथे पेनने लाकडी खांब आणि तुळयांची रेखाटनं करा. घंटेसमोर अर्धा तास द्यावा. गोलाईवरचा करडा वळवण्याचा तो उत्तम अभ्यास आहे. जेवायला वाईत या, आणि जमलं तर बाजारातून वाईची हळद घ्या.

दुपारनंतर वाई

साडेतीनला गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली आहे. पाण्याच्या पातळीतून ही भिंत काढली तर नेहमीच्या समोरच्या दृश्यापेक्षा चांगलं चित्र मिळतं. सूर्य आता नदीच्या वरच्या अंगाला असतो. त्याच्याकडे तोंड केलं तर शिखर आणि झाडं काळी, पाणी चमकतं. इथे सगळे रंग काढायची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोनच रंगांत तासाभरात चित्र होतं. भोवती डोंगर आहेत, त्यामुळे ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताच्या आधीच जातं. पाचपर्यंत मुख्य वॉश झालेले हवेत.

हे वापरातले घाट आहेत. कुठे दशक्रिया चालू असेल तर तिथून उठा आणि तिकडे कॅमेरा वळवू नका. धुणं धुणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या माणसांची ओळख पटेल अशी रेखाटनं विचारल्याशिवाय करू नयेत. दुरून दोन-तीन फटकाऱ्यांत आकृती होते, तेवढीच चित्राला पुरते. रंगाचं पाणी नदीत ओतू नका. कोबाल्ट आणि कॅडमियमचे रंग विषारी असतात. रिकाम्या बाटलीत भरून परत न्या. टेपचे तुकडे आणि टिश्यू पिशवीत.

शक्यतो मधल्या वारी जा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी याच रस्त्याने पुण्याकडे येते आणि खेड-शिवापूर ते कात्रज गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. रविवारीच जायचं असेल तर गणपती घाट सोडा आणि एकला मेणवलीहून निघा, किंवा वाईत जेवून आठनंतर निघा.

घरी आल्यावर कागद टेपसकट बोर्डवरच रात्रभर राहू द्या, मग टेप कागदाच्या बाहेरच्या दिशेने, हळू आणि सपाट ओढा. दुसऱ्या दिवशी चित्र तीन मीटरवरून बघा. फक्त दोन दुरुस्त्या करा: सर्वांत गडद जागा कमी पडल्या असतील तर त्या, आणि जवळच्या पायऱ्यांच्या दोन-तीन कडा. मोबाइलमधला फोटो समोर ठेवून राहिलेल्या पायऱ्या भरू नका. फोटोत सावल्या काळ्या ठोकळ्यांसारख्या येतात, तुम्ही तिथे पाहिलेला त्यातला निळा आणि परतलेला उबदार उजेड त्यात नसतो.